जुन्या संगणकाचा खोडवा : मोडावा की राखावा?



या पानावर आम्ही एरवी लागण, बेणेप्रक्रिया, खतांचे हप्ते आणि हुमणीचा बंदोबस्त यांविषयी लिहितो. या खेपेस विषय थोडा निराळा आहे. पण तो आपल्या ऊसनोंदीशी, तोडणीच्या पाळीशी आणि बिलाच्या पैशाशी थेट बांधलेला आहे. म्हणून तो शेतकी खात्याच्या पानावरच मांडावा, असे आम्हास वाटते. विषय आहे आपल्या गट कार्यालयांतील जुन्या संगणकांचा.

पेडगाव गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा तीन मते पडली. जुन्या जाणत्यांचे मत असे, की "चालू हाय की हो साहेब, मंग बदलायचं कायला?" तरुण मंडळींचे म्हणणे, "त्याच्यावरच विंडोज अकरा टाका, मोबाइलवर कृती बघून अर्ध्या तासात होतं." आणि काही सभासद म्हणाले, "सगळे भंगारात घाला आणि एकदाचे नवे घ्या." तिन्ही मते आपुलकीने मांडलेली होती. पण आमच्या मते तिन्ही अपुरी आहेत. ती का, हे या लेखात सांगावयाचे आहे. आमचे शिक्षण शेतकी पदविकेचे, संगणकाचे नव्हे. तरी जे यंत्र रोज हाताखाली असते त्याची जात, गुण आणि रोग आपण ओळखलेच पाहिजेत. उसाची ओळखतो तशीच.

पाठबळ संपले म्हणजे काय?

संगणकाचे यंत्र म्हणजे तोडणी टोळी धरा. टोळीकडून काम करून घ्यायला जसा मुकादम लागतो, तशी या यंत्राकडून काम करून घेणारी एक मूळ प्रणाली असते. कळफलकावर काय दाबले, ते कोठे साठवायचे, छपाई यंत्राला काय पाठवायचे, हे सगळे ती ठरविते. आपल्या गट कार्यालयांत ही मूळ प्रणाली म्हणजे विंडोज १०. ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आणली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचे नेहमीचे पाठबळ बंद केले.

पाठबळ बंद झाले म्हणजे संगणक बंद पडला, असे नव्हे. आपल्याकडे जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालच्या शेतकऱ्याला हे चटकन समजेल. कालवा आहे तेथेच आहे, चारी आहे तेथेच आहे, फक्त पाण्याची पाळी बंद झाली. त्या दिवशी ऊस वाळत नाही. पण पुढे प्रत्येक आठवड्याला तो थोडा थोडा मागे पडतो. मूळ प्रणालीत चोरांना शिरण्याजोगी भगदाडे वेळोवेळी सापडतात आणि कंपनी दर महिन्याला ती बुजविणारे तुकडे पाठविते. हे तुकडे म्हणजे ती पाळी. ती थांबली, की पुढे सापडणारे प्रत्येक भगदाड उघडेच राहते.

कंपनीने यातून दोन वाटा ठेवल्या. घरगुती वापराच्या संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत दिली. संस्थांना मात्र पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट असा दर लावला, तोही जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. दरवर्षी दुप्पट होणारी पाणीपट्टी कोणता शेतकरी भरील? आणि तीन वर्षांनी प्रश्न जेथल्या तेथेच.

मग विंडोज ११ का चालत नाही?

विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तिच्यासाठी कंपनीने अटी घातल्या. कमीत कमी ४ जीबी स्मरणशक्ती आणि ६४ जीबी साठवण या अटी आपले बरेच संगणक पुऱ्या करतात. अडते ते पुढच्या दोन अटींवर. एक, यंत्रात टी.पी.एम. २.० नावाची व्यवस्था हवी. ही म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी छोटी तिजोरी समजा. आणि दुसरी, मुख्य प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. ही यादी इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धानंतरच्या मालापासून सुरू होते. आपल्या गट कार्यालयांतील बहुतेक यंत्रे त्याआधीची. यंत्र धडधाकट, काम व्यवस्थित, पण जन्मतारीख आडवी आली!

येथे तरुण मंडळींचा उपाय पुढे येतो. ही तपासणी चुकवून विंडोज ११ जुन्या संगणकावर बसविता येते, ही गोष्ट खरी आहे. प्रारंभी कंपनीनेच आपल्या मदतीच्या माहितीत अशी एक वाट सांगितली होती. २०२५ साली ती तेथून काढून टाकली. 'रूफस' नावाचे एक फुकट साधनही आहे. पेनड्राइव्हवर प्रणाली भरतानाच ते या अटी गाळून टाकते. घरच्या एखाद्या जुन्या यंत्रावर हौसेने हा प्रयोग कोणी केला तर आमची हरकत नाही. शिकण्यासाठी तो चांगलाच आहे.

पण कारखान्याच्या दप्तराला हा उपाय लावावा काय? आमचे मत स्पष्ट आहे : लावू नये. त्याची कारणे तीन.

पहिले कारण, कंपनीने लेखी सांगितले आहे की अशा संगणकांना पुढील सुधारणा मिळण्याचा हक्क राहणार नाही, सुरक्षिततेच्या सुधारणासुद्धा. आज त्या येत असतील, उद्या थांबल्या तर तक्रार कोणाकडे करणार? ज्या पाळीसाठी आपण एवढा खटाटोप केला तीच हक्काची नाही.

दुसरे कारण, दर वर्षी येणारी मोठी आवृत्ती अशा यंत्रांवर सहसा आपोआप येत नाही. दर खेपेस तोच खटाटोप पुन्हा करावा लागतो. २०२४ सालच्या '२४एच२' आवृत्तीने तर प्रोसेसरमध्ये काही ठराविक आज्ञा असण्याची अट आतूनच घातली. कोअर टू ड्युओ जातीची जुनी यंत्रे त्यामुळे सुरूच होत नाहीत. तेथे कोणतीच पळवाट चालत नाही.

तिसरे कारण सर्वात महत्त्वाचे. ज्या तरुणाने हे जमविले तो नोकरीनिमित्त पुण्याला गेला म्हणजे काय? सहकारी संस्थेचे काम एका माणसाच्या हुशारीवर टांगून ठेवू नये. हुशार चिटबॉय असला तरी तोडणीचा कार्यक्रम आपण त्याच्या डोक्यात ठेवीत नाही, कागदावर लिहितो.

"चालू आहे तर राहू द्या"

आता जाणत्यांच्या मताकडे वळू. चालू यंत्राला हात लावू नये, हा व्यवहार शहाणपणाचा आहे. परंतु तो नांगराला लागू पडतो, नेटला जोडलेल्या संगणकाला पडत नाही. नांगर पडवीत पडून राहिला तर फार तर गंजेल. नेटवरचा संगणक म्हणजे रस्त्याकडेचे दार.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाची कीड जगभर पसरली. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील माहिती तिने कुलूपबंद केली आणि कुलूप उघडण्यासाठी पैसे मागितले. इंग्लंडातील सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ते भगदाड बुजविणारा तुकडा कंपनीने मार्च २०१७ मध्येच पाठविला होता. ज्यांनी तो बसविला नाही तेच बहुतांशी सापडले. त्याच वर्षी जून महिन्यात 'नॉटपेट्या' नावाची दुसरी कीड आली आणि आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाज अडले. म्हणजे ही गोष्ट सातासमुद्रापलीकडची राहिलेली नाही.

"आपल्या पेडगावच्या संगणकात चोराला काय मिळणार?" असे कोणी विचारील. काय नाही? आपले नाव, गट नंबर, क्षेत्र, मोबाइल नंबर, बँकेचा खाते नंबर. आणि चोराला काही मिळो वा न मिळो, ऐन गाळपात नोंदवही कुलूपबंद झाली तर कोणाची लागण कोणत्या तारखेची, कोणाचा ऊस आधी तुटणार, हे कशावरून ठरविणार? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. नोंद आणि वजन यांचा मेळ बसल्याशिवाय बिल निघत नाही. तेव्हा हा प्रश्न यंत्राचा नाही, सभासदाच्या घामाच्या पैशाचा आहे.

"सगळे नवे घ्या"

हे मत सर्वात सोपे. पण पैसे कोणाचे? कारखान्याचा प्रत्येक रुपया अखेर उसाच्या टनातून येतो. शिवाय नवा संगणक आणला की प्रश्न मिटतो, हाही समज खरा नाही. आपल्यासारख्या अनेक संस्थांत ऊसनोंदीची जुनी कामे फॉक्सप्रोमध्ये बसविलेली आहेत. त्यातली काही डॉसच्या काळातली, म्हणजे १६ बिटची. अशी कामे ३२ बिटच्या विंडोज १० वर कशीबशी चालत. विंडोज ११ मात्र फक्त ६४ बिटमध्येच येते आणि तिच्यावर ती सरळ चालत नाहीत. म्हणजे भारी किमतीचा नवा संगणक टेबलावर येईल आणि जुनी नोंदवही त्याच्यावर उघडणारच नाही! फॉक्सप्रोच्या शेवटच्या आवृत्तीचेही पाठबळ जानेवारी २०१५ मध्येच संपलेले आहे.

दुसरी अडचण मराठी अक्षरांची. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण सर्वांनी निरनिराळ्या संचांचे टंक वापरले. त्या टंकात लिहिलेले नाव दुसऱ्या संगणकावर तोच टंक नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. जोडाक्षरांचे हाल तर विचारू नका. मग कोणी तरी ते नाव हाताने पुन्हा टंकतो, एक वेलांटी इकडची तिकडे होते आणि एकाच सभासदाची दोन नावे होऊन बसतात. बिल एका नावावर आणि खाते दुसऱ्या नावावर!

तिसरी अडचण जोडणीची. वजनकाट्याचा दर्शक जुन्या पद्धतीच्या नऊ टाचण्यांच्या सिरीअल जोडणीने संगणकाला जोडतात. पावती छापणारे डॉट मॅट्रिक्स यंत्र रुंद पॅरलल जोडणीचे असते. नव्या संगणकांना या जोडण्या बहुधा नसतातच. त्यासाठी मधला दुवा घ्यावा लागतो आणि तो चालतो की नाही हे आधी पाहावे लागते.

वारणेचा धडा

या बाबतीत आपल्याच महाराष्ट्रात, आपल्याच सहकारात एक मोठा प्रयोग झालेला आहे. तात्यासाहेब कोरे यांच्या वारणा परिसरात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' योजना सुरू झाली. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे तिच्यात घेतली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून पैसा घातला. गावोगावी संगणक केंद्रे झाली. ऊसनोंद, खतखरेदी, वजन, बिल ही माहिती शेतकऱ्याला गावातच मिळू लागली. त्या काळी हे मोठेच पाऊल होते, आणि त्याचे श्रेय वारणेला दिलेच पाहिजे.

पुढे यंत्रे जुनी झाली, देखभालीचा खर्च वाढू लागला. तेव्हा विंडोज बनविणाऱ्या कंपनीच्याच बंगळूर येथील संशोधन शाखेने वारणेत जाऊन पाहणी केली. त्यांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. गावातला संगणक काढून साध्या मोबाइलच्या एस.एम.एस.वर तीच कामे चालवून पाहिली. २००७ साली मांडलेल्या त्यांच्या निष्कर्षात असे आले, की संगणकावर होणारी सगळी कामे मोबाइलवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ही पद्धत जास्त आवडली.

यातून काय घ्यावयाचे? "जुना संगणक बदलून कोणता घ्यावा?" हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, "या जागी हे काम करण्यासाठी काय लागते?" हा आहे. वारणेने पहिला प्रश्न विचारला आणि उत्तर निराळेच निघाले. राज्याच्या साखर आयुक्तालयानेही २०२२ साली 'महा-ऊस नोंदणी' हे मोबाइलवरचे साधन काढले. म्हणजे वाट त्याच दिशेने चालली आहे. तरीही गट कार्यालयात यादी छापायला, हिशेब तपासायला, पत्रे लिहायला संगणक लागतोच. तेथे जुन्या यंत्राचे काय करावे?

चौथी वाट : मोफत प्रणाली

मूळ प्रणाली म्हणजे विंडोजच, असे नाही. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेल्या कामातून 'लिनक्स' उभी राहिली. तिचे वैशिष्ट्य आपल्या सहकारासारखे आहे. जगभरचे लोक मिळून ती बांधतात, तिचा आराखडा सर्वांना खुला असतो आणि वापरायला परवान्याचे पैसे पडत नाहीत. पुण्यात मुख्यालय असलेल्या 'सी-डॅक' या सरकारी संस्थेने तिच्यावरून 'बॉस' नावाची भारतीय भाषांची प्रणाली काढली. तिची पहिली आवृत्ती २००७ साली आली. केरळच्या सरकारी शाळांत मुले कित्येक वर्षे अशाच मोफत प्रणालीवर शिकतात. आपल्या संरक्षण मंत्रालयाने २०२३ साली याच घराण्यातली 'माया' नावाची प्रणाली आपल्या संगणकांवर घेण्याचे ठरविले. तेव्हा हा हौशी पोरांचा खेळ आहे, असे कोणी समजू नये.

सोयीचा एक नमुना म्हणून 'लिनक्स मिंट' घ्या. तिची २२ वी मालिका २०२४ साली आली आणि तिला २०२९ पर्यंत पाठबळ आहे. कमीत कमी २ जीबी, आणि सुखाने चालायला ४ जीबी स्मरणशक्ती पुरते. प्रोसेसर मात्र ६४ बिटचा हवा. ती जन्मतारीख विचारीत नाही, टी.पी.एम. मागत नाही. मराठी युनिकोडमध्ये इनस्क्रिप्ट कळफलकाने सरळ लिहिता येते. 'लिबर ऑफिस' हे तक्ते आणि पत्रे यांचे साधन सोबतच येते आणि ते फॉक्सप्रोची डीबीएफ पाने उघडू शकते.

यातली आम्हास सर्वात आवडलेली गोष्ट अशी, की बसविण्याआधी ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. संगणकातल्या मजकुराला हात न लावता छपाई होते का, नेट चालते का, मराठी उमटते का, हे दिवसभर तपासा. नाही पटले तर पेनड्राइव्ह काढा, संगणक पूर्वीसारखा. नव्या जातीचा ऊस आपण आधी दोन गुंठ्यांवर लावून पाहतो, तशातलाच हा प्रकार.

दोषही सांगितले पाहिजेत, नाही तर ही जाहिरात होईल. विंडोजसाठी लिहिलेली सर्वच कामे हिच्यावर चालत नाहीत. डॉसची जुनी कामे 'डॉसबॉक्स' नावाच्या साधनातून चालविता येतात, पण छपाई आणि एकाच वेळी दोघांनी नोंद करणे यांत अडचणी येतात. काही सरकारी कामांची डिजिटल सहीची साधने फक्त विंडोज डोळ्यांपुढे ठेवून बनविलेली असतात. आणि आपल्या लिपिकांचा हात विंडोजवर बसलेला आहे. नव्या बैलजोडीला औताची सवय व्हायला जसे चार दिवस लागतात, तसे येथेही लागतील.

आमची सूचना

खोडवा ठेवायचा की मोडायचा, हे आपण कसे ठरवितो? सरसकट नाही. शेतात जाऊन पाहतो. फुटवे चांगले असतील, विरळ जागा थोड्या असतील, तर नांग्या भरून खोडवा राखतो. हुमणीने पोखरले असेल तर दया न करता मोडतो. संगणकांचेही तसेच करावे. संचालक मंडळाने आणि सभासदांनी विचार करावा, यासाठी आमच्या सूचना अशा :

१. आधी पंचनामा. प्रत्येक गट कार्यालयातील प्रत्येक संगणकाची जात, वय, स्मरणशक्ती आणि त्याच्यावर होणारे काम यांची यादी करावी. यादीशिवाय एकही यंत्र विकत घेऊ नये, एकही भंगारात घालू नये.

२. ज्या संगणकांवर फक्त याद्या, पत्रे, तक्ते आणि नेटवरची पाने पाहणे एवढेच काम आहे, त्यांच्यावर मोफत प्रणाली बसवावी. प्रारंभ एकाच गटापासून, गाळप संपल्यावर, एप्रिलनंतर करावा. पेडगाव गट त्यासाठी तयार आहे. ऐन हंगामात कोणताही प्रयोग नको.

३. नांग्या भराव्यात. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली आणि स्मरणशक्ती वाढविली, तर दहा वर्षांचे यंत्र ओळखू येणार नाही इतके चपळ होते. सोबत आतला नाण्याएवढा सेल बदलावा. हा सेल संपला की यंत्र बंद केल्यावर संगणकाचे घड्याळ मागे जाते आणि तारीख चुकते. ज्या संस्थेत लागणीच्या आणि नोंदीच्या तारखेवर तोडणीची पाळी ठरते, तेथे चुकीची तारीख ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

४. काट्याच्या संगणकाला कुंपण घालावे. तेथे जुनी प्रणाली ठेवणे भाग असेल, तर ते यंत्र नेटपासून आणि परक्या पेनड्राइव्हपासून पूर्ण तोडून ठेवावे. वजनाची माहिती ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसानेच, स्वच्छ पेनड्राइव्हवर घ्यावी. सभासदाला मिळणाऱ्या पावतीवरचे वजन आणि काट्याच्या दर्शकावरचे वजन एकच आहे ना, हे तेथल्या तेथे पाहण्याची त्याची मुभा कायम राहावी.

५. नवे संगणक थोडेच घ्यावेत, पण चांगले घ्यावेत. बिले, बँकेचे व्यवहार आणि डिजिटल सह्या जेथे होतात तेथे पाठबळ असलेलीच प्रणाली हवी. तेथे काटकसर करू नये. आखूड अंथरुणात पाय दुमडून झोपता येते, पण तिजोरीला अर्धे दार चालत नाही.

६. ऊसनोंदीचा सर्व मजकूर युनिकोडमध्ये आणि कोणत्याही प्रणालीवर उघडेल अशा खुल्या स्वरूपात आणावा. खरे काम हेच आहे आणि कष्टाचेही हेच आहे. मजकूर आपल्या हातात मोकळा असला, की यंत्र आणि कंपनी कधीही बदलता येते. मजकूरच एका कंपनीच्या कुलपात असला तर ती म्हणेल ती किंमत मोजावी लागते.

७. मजकुराच्या तीन प्रती ठेवाव्यात. एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक निराळ्या गावात. दर महिन्याला एक प्रत उघडून पाहावी. न तपासलेली प्रत म्हणजे न उगवलेले बेणे, रोप वर येईपर्यंत भरवसा नाही.

८. जे यंत्र खरोखरच मोडीत काढायचे त्याची डिस्क पूर्ण पुसून किंवा फोडून मगच ते नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावे. भंगारवाल्याच्या गाड्यावर आपल्या खाते नंबरांची वरात निघता कामा नये.

सभासदांनी काय करावे?

हे सगळे कारखान्याने करावयाचे, असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. ऊसनोंद केल्यावर तिची पावती घ्या. तिच्यावरील गट नंबर, क्षेत्र, जात, लागण तारीख आणि मोबाइल नंबर तेथेच वाचून पाहा. वाचता येत नसेल तर मुलाकडून, सुनेकडून वाचून घ्या. ती पावती सातबाऱ्याच्या पिशवीत जपून ठेवा. संगणक कितीही नवा असला तरी आपल्या हातातला कागद हा शेवटचा पुरावा असतो. बँक खाते बदलले असेल तर गट कार्यालयात येऊन लेखी द्या. फोनवर कोणी "कारखान्यातून बोलतोय, खाते नंबर आणि ओटीपी सांगा" म्हणाला, तर सांगू नका. कारखाना फोनवर ओटीपी मागत नाही, हे घरातल्या सर्वांना बजावून ठेवा.

ज्यांच्या घरी मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला जुना लॅपटॉप धूळ खात पडला असेल, त्यांनीही तो घाईने मोडीत देऊ नये. वर सांगितलेली पेनड्राइव्हची युक्ती मुलांना करून पाहू द्या, मात्र त्यातला मजकूर आधी दुसरीकडे उतरवून ठेवा. गावातल्या पोराने ही विद्या हातची केली, तर उद्या गट कार्यालयाची दुरुस्ती परभणीहून माणूस येईपर्यंत अडून राहणार नाही.

काही जण म्हणतील, की एवढ्याशा संगणकांसाठी एवढा लांब लेख कशाला? आमचे उत्तर असे. आपल्या भागात पाणी किती येईल हे आपल्या हातात नसते, साखरेचा भाव आपल्या हातात नसतो. नोंद, वजन आणि बिल या तीन गोष्टी मात्र आपल्या संस्थेच्या हातात आहेत, आणि सभासदाचा विश्वास याच तिघींवर उभा आहे. त्या कोणाच्या यादीवर, कोणाच्या मुदतीवर आणि कोणाच्या परवान्यावर अवलंबून असाव्यात, हे परदेशातल्या कंपनीने नव्हे, तर सभासदांनी सभेत ठरवावे. त्यासाठीच सहकार आहे.

या सूचनांवर आपले मत, विरोधी असले तरी, आपापल्या गट कार्यालयात लेखी द्यावे. आलेली मते एकत्र करून संचालक मंडळापुढे ठेवण्यात येतील आणि येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी या विषयाचा ठराव मांडला जावा, असा आमचा प्रयत्न राहील.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते